जुनी पण भरवशाची गाडी बदलावी का? ठाणे व नवी मुंबईतील गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा-बारा वर्षे विनातक्रार चाललेली गाडी काढावी की ठेवावी, हा प्रश्न ठाणे आणि नवी मुंबईतील अनेक घरांत दर दिवाळीच्या सुमारास निघतो. आमच्याकडे सातत्याने येणारे प्रश्न पुढे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचा संबंध दुसऱ्याशी येतो तेथे त्याचा क्रमांक दिला आहे, म्हणजे तीच माहिती पुन्हा वाचावी लागणार नाही.

१. गाडी बारा वर्षांची झाली, पण काहीच त्रास देत नाही. केवळ वय झाले म्हणून बदलावी का?

नाही. वय हा आकडा आरसी बुकावर असतो. गाडीची खरी स्थिती पत्र्यात, इंजिनात आणि ती कशी वापरली गेली यात असते. वेळच्या वेळी ऑइल बदललेली, एकाच चालकाच्या हातात राहिलेली बारा वर्षांची गाडी ही घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत रोज दोन-दोन तास अर्ध्या क्लचवर रखडलेल्या सहा वर्षांच्या गाडीपेक्षा चांगली असू शकते. आमच्या मते गाडी बदलण्याची सबळ कारणे दोनच आहेत: पत्रा आतून सडलेला असणे (प्रश्न ५) आणि गाडीत सुरक्षेची मूलभूत साधने नसणे (प्रश्न ७). बाकीची बहुतेक कारणे पैशांच्या हिशेबाची असतात आणि तो हिशेब बहुधा चुकीच्या पद्धतीने मांडला जातो (प्रश्न ३).

२. पंधरा वर्षे झाली की गाडी रस्त्यावर आणता येत नाही, असे सगळे सांगतात. आपल्याकडे हा नियम आहे का?

हा समज दिल्लीवरून आला आहे. दिल्ली व परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरील बंदीचा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. तो आदेश त्या भागापुरता होता. महाराष्ट्रात खासगी गाडीला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ ची तरतूद लागू होते: पहिली नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि त्यानंतर गाडी तपासणीत योग्य ठरल्यास नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करता येते.

त्यासाठी नमुना २५ मध्ये अर्ज करून गाडी आपल्या आरटीओकडे, म्हणजे एमएच ०४ असल्यास ठाण्याला आणि एमएच ४३ असल्यास नवी मुंबईच्या कार्यालयात, तपासणीसाठी न्यावी लागते. मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत अर्ज करणे उत्तम, कारण उशीर झाल्यास मोटारीसाठी दरमहा ५०० रुपये जादा आकारले जातात. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. याशिवाय राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. विमा आणि पीयूसी चालू असावी, आणि गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असल्यास उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली असावी. थकलेली ई-चलाने आधीच भरून टाकावीत.

पाच वर्षांत विभागून पाहिला तर हा खर्च वर्षाला नव्या गाडीच्या एका हप्त्यापेक्षाही बराच कमी राहतो. त्यामुळे केवळ नूतनीकरण टाळण्यासाठी चांगली गाडी मातीमोल भावात विकू नये.

३. गाडीची किंमत आता जेमतेम दीड लाख येते आणि यंदा दुरुस्तीलाच सत्तर हजार गेले. अशा गाडीवर खर्च करणे मूर्खपणाचे नाही का?

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि आमच्या मते सर्वांत जास्त चुकीचे निर्णय याच विचारातून होतात. दुरुस्तीच्या खर्चाची तुलना जुन्या गाडीच्या बाजारभावाशी करून काहीही कळत नाही, कारण गाडी विकून हातात येणाऱ्या दीड लाखात तुम्हाला तितकीच भरवशाची दुसरी गाडी मिळणार नसते. तुलना करायची तर ती नवी गाडी दरवर्षी तुमच्या खिशातून किती काढील, या रकमेशी करावी.

एक उदाहरण घेऊ. दहा लाख रुपये एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल गाडी घेतली आणि त्यातील आठ लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने पाच वर्षांसाठी काढले, तर हप्ता साधारण १६,६०० रुपये येतो आणि पाच वर्षांत सुमारे १,९६,००० रुपये केवळ व्याजापोटी जातात, म्हणजे वर्षाला ३९,००० च्या आसपास. विम्यासाठी घसाऱ्याचे जे प्रमाणित कोष्टक वापरले जाते त्यानुसार पाचव्या वर्षी गाडीचे मूल्य निम्म्यावर येते. बाजारात काहींना थोडे जास्त, काहींना कमी मिळते, पण ढोबळमानाने वर्षाला एक लाख रुपये घसरण धरण्यास हरकत नाही. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी कर लागतो. तो पाच वर्षांत विभागला तर वर्षाला २२,००० होतात. ही बेरीज १,६१,००० रुपयांवर जाते आणि त्यात नव्या गाडीचा वाढीव विमा व पदरचे भरलेले दोन लाख बँकेत राहिले असते तर मिळाले असते ते व्याज अजून धरलेले नाही.

आता जुनी गाडी पाहा. यंदाचे सत्तर हजार, बाजारभावातील घट वीस हजार आणि कमी ॲव्हरेजमुळे जास्त लागलेले पेट्रोल सुमारे एकोणीस हजार (ते कसे काढले ते प्रश्न ४ मध्ये आहे) असे सगळे धरले तरी १,०९,००० रुपये होतात. म्हणजे दुरुस्तीच्या दृष्टीने वाईट गेलेल्या वर्षातही जुनी गाडी पन्नास हजारांनी स्वस्त पडली.

येथे एक गोष्ट आवर्जून पाहावी. सत्तर हजार कशावर गेले? एसीचा कॉम्प्रेसर, क्लच प्लेट, चार टायर आणि बॅटरी बदलली असेल, तर ती कामे पुढील काही वर्षे पुन्हा निघणार नाहीत आणि आत्ताच गाडी विकल्यास त्या खर्चाचा लाभ घेणाऱ्याला मिळेल, कारण विकताना नव्या टायरचे पैसे कोणी मोजून देत नाही. उलट तेच बिघाड पुन्हापुन्हा होत असतील, इंजिन वारंवार गरम होत असेल, वायरिंगचे दोष सापडत नसतील, तर पुढच्या वर्षाचा खर्च यंदाच्या बिलांवरून बांधता येत नाही, आणि असा न बांधता येणारा खर्च हेच गाडी बदलण्याचे खरे आर्थिक कारण आहे. म्हणून गेल्या तीन वर्षांची गॅरेजची बिले तारीखवार लावून एकदा शांतपणे वाचावीत.

४. नवी गाडी चांगले ॲव्हरेज देते. पेट्रोलच्या बचतीतून निम्मा हप्ता तरी निघेल ना?

कोपरखैरणे ते ठाणे अशी रोज ये-जा आणि सुट्टीच्या दिवशी थोडे फिरणे मिळून महिन्याला ८०० किलोमीटर होतात असे धरू. जुनी गाडी लिटरला १४ आणि नवी १९ किलोमीटर देत असेल, तर महिन्याला पंधरा लिटर पेट्रोल वाचेल. लिटरमागे १०४ रुपये धरल्यास ही बचत १,५६० रुपये होते. १६,६०० रुपयांच्या हप्त्यापुढे ती दहावा हिस्साही नाही.

महिन्याला अडीच-तीन हजार किलोमीटर गाडी चालत असेल तर गणित बदलते, मात्र तेव्हाही जुन्याच गाडीला सीएनजी किट बसवणे हा पर्याय आधी तपासावा. किट मान्यताप्राप्त असावे, त्याची नोंद आरसीवर आणि विमा पॉलिसीत करून घ्यावी आणि सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करावी. ज्या गाडीचे इंजिन आधीच थकले आहे तिला मात्र किट बसवू नये.

५. आम्ही खाडीच्या जवळ राहतो आणि गाडी उघड्यावर उभी असते. गंज किती लागला की गाडी काढावी, आणि तो तपासायचा कसा?

इंजिन दुरुस्त होते, गिअरबॉक्स बदलता येतो, सीट नव्या शिवता येतात. पण सांगाडा सडला की गाडी संपली. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत आणि इकडे कळवा-कोपरीकडे खाडीची खारट, दमट हवा बाराही महिने असते. त्यात चार महिने पाऊस आणि रस्त्यांवर साचलेल्या पाण्यातून रोजची ये-जा. म्हणून आपल्याकडे जुन्या गाडीची परीक्षा बोनटपासून सुरू न करता खालून सुरू करावी.

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात गाडी लिफ्टवर घ्यायला सांगावी आणि स्वतः खाली उभे राहून बॅटरीच्या उजेडात पाहावे. दरवाज्यांच्या खालची लांब पट्टी, जॅक लावण्याच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी आणि सस्पेन्शन जेथे बॉडीला बसते ते भाग महत्त्वाचे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकत जावे: चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्याचा बद्द येतो आणि कधी मूठ आतच जाते. त्यानंतर गाडीत पायाखालचे मॅट आणि त्याखालचे कार्पेट उचलावे. ते ओलसर असेल, कुबट वास येत असेल आणि खालचा रंग फुगून पापुद्रे सुटले असतील, तर पाणी आत शिरते आहे. डिकीतील स्टेपनी काढून तिचा खळगाही पाहावा. तेथे साचलेले पाणी कित्येक महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

दरवाज्याच्या कडेचा, बोनटच्या टोकाचा किंवा सायलेन्सरवरचा तपकिरी थर वरवरचा असतो; तो घासून, प्रायमर व रंग मारून थांबवता येतो. सायलेन्सर तर बदलायचीच वस्तू आहे. मात्र जॅकच्या जागा खचल्या असतील किंवा सस्पेन्शनच्या बैठकीजवळ पत्रा खाल्ला गेला असेल, तर वरून पत्र्याचा तुकडा वेल्ड करून दिलेली गाडी दिसायला ठीक आणि अपघातात धोकादायक असते. अशा वेळी बाकी काहीही चांगले असले तरी गाडी काढावी, आणि ती दुसऱ्या कुटुंबाला चालवण्यासाठी विकण्याऐवजी भंगार केंद्रात द्यावी (प्रश्न १४).

६. मेकॅनिक म्हणतो, इंजिनाचे काम काढावे लागेल. करावे का?

आधी ते खरेच काढावे लागणार आहे का, याची दुसऱ्या गॅरेजमध्ये खात्री करून घ्यावी. निळसर धूर आणि ऑइल कमी होत जाणे, कूलंट कमी होऊन पांढरा धूर येणे, किंवा ऑइल भरण्याच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसणे ही लक्षणे आहेत, पण त्यांचा अर्थ एकच नसतो. निळा धूर केवळ व्हॉल्व्ह सील गेल्यामुळेही येतो आणि ते काम पूर्ण इंजिन उघडण्यापेक्षा बरेच स्वस्त असते. कॉम्प्रेशन चाचणीचे (तीत प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजतात) आकडे लेखी मागावेत. त्या आकड्यांवाचून काम सुरू करू देऊ नये. पत्रा उत्तम असलेल्या गाडीचे इंजिन करून घेण्यात आम्हाला काहीही वावगे वाटत नाही.

७. आमच्या गाडीत एअरबॅग नाहीत. बाकी गाडी अगदी छान आहे. एवढ्यासाठी बदलायची का?

होय, आणि हे आम्ही पूर्ण विचारांती सांगतो. प्रश्न ३ मधील सगळा हिशेब येथे बाजूला ठेवावा. आपल्या देशात नव्या गाड्यांना चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याच वर्षी एप्रिलपासून एबीएस ब्रेक (जोरात ब्रेक दाबला तरी चाके अडकू न देणारे) सर्व नव्या गाड्यांत आवश्यक झाले, आणि उत्पादनात असलेल्या मॉडेलांना शेजारच्या प्रवाशासाठीही एअरबॅग देण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२१ होती. त्यापूर्वीच्या गाड्यांच्या स्वस्त आवृत्त्यांत ही साधने अनेकदा नसत. एअरबॅग बाहेरून बसवून घेण्याची वस्तू नाही, कारण सेन्सर, सीटबेल्टचे ताण देणारे यंत्र आणि बॉडीची रचना हे सर्व एकत्र काम करते.

तुमच्या गाडीत काय आहे ते आधी नीट पाहा. स्टिअरिंगच्या मध्यभागी ‘एसआरएस’ अशी रोमन अक्षरे कोरलेली असतील तर एअरबॅग आहे. चावी फिरवल्यावर तिचा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल किंवा विझतच नसेल तर यंत्रणा बंद आहे असे समजून लगेच दाखवावे.

गाडी फक्त वसाहतीतून बाजारापर्यंत जात असेल तर धोका कमी असतो हे मान्य. पण तीच गाडी गणपतीत मुलाबाळांना घेऊन मुंबई-गोवा महामार्गावर जाणार असेल, तर दोन एअरबॅग आणि एबीएस असलेली गाडी हवी. नवी निवडताना भारत एनकॅप या धडक-चाचणीतील गुण पाहावेत. ही चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली आहे. आणि गाडी कोणतीही असो, मागच्या सीटवर बसणाऱ्यांनी बेल्ट लावला पाहिजे. ती कायद्याची सक्ती आहे आणि त्याला खर्च शून्य आहे.

८. ई-२० पेट्रोलने जुनी गाडी खराब होते का?

२० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी तयार केलेले सुटे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांत येऊ लागले. त्याआधीच्या गाड्यांतील रबरी नळ्या, सील आणि गॅस्केट कालांतराने कडक होऊ शकतात किंवा फुगू शकतात. ॲव्हरेजमध्ये अशा गाड्यांत सुमारे तीन ते सहा टक्के घट येऊ शकते, असे सरकारनेच म्हटले आहे. यावर उपाय सोपा आहे: सर्व्हिसिंगच्या वेळी इंधनाच्या नळ्या तपासून घेणे, आणि गाडी महिनोन्‌महिने टाकी अर्धी ठेवून उभी न करणे, कारण इथेनॉल हवेतील ओल शोषते. एवढ्या कारणावरून गाडी विकावी, असे आम्हाला वाटत नाही.

९. आमच्या गाडीची कंपनी भारतातून गेली. पुढे सुटे भाग मिळतील का?

शेव्हरोलेची विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली आणि फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, तरी या गाड्या आजही रस्त्यावर दिसतात. ब्रेक पॅड, फिल्टर, बुश, क्लच प्लेट हे नेहमी लागणारे भाग इतर उत्पादकांकडून मिळत राहतात. अडचण येते ती काच, हेडलाइट, बंपर आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटची. एखाद्या भागासाठी गाडी महिनाभर गॅरेजमध्ये पडून राहू लागली की घरात ती एकच गाडी असणाऱ्यांनी बदलाचा विचार करावा.

१०. जुन्या गाडीला फक्त थर्ड पार्टी विमा पुरे का?

कायद्याला तेवढा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे इतरांचे झालेले नुकसान भरून देणारा विमा पुरतो, परंतु निर्णय घेण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घ्याव्यात. स्वतःच्या गाडीचे नुकसानही भरून देणाऱ्या सर्वसमावेशक पॉलिसीत दुरुस्तीचा खर्च गाडीच्या घोषित मूल्याच्या (पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांहून जास्त झाला तर गाडी पूर्ण नुकसान झालेली मानली जाते. दीड लाख घोषित मूल्याच्या गाडीत पावसाचे पाणी शिरले तर ही मर्यादा फार लवकर ओलांडली जाते आणि हाती केवळ ते मूल्य येते. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी कमी हप्त्याच्या मोहाने घोषित मूल्य खाली आणू नये. दुसरे असे की, पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड लागते आणि जुन्या गाडीला ती सहसा मिळत नाही. पाणी बंपरपर्यंत आले आणि गाडी बंद पडली, तर चावी फिरवू नका. ढकलून बाजूला घ्या.

दावा न केल्याची सवलत, जी पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते, ती गाडीची नसून मालकाची असते. गाडी विकताना तिचे प्रमाणपत्र घ्यावे; ते तीन वर्षांत नव्या गाडीच्या विम्याला लावता येते.

११. आता निवृत्त झालो, गाडी आठवड्यातून एकदा निघते. नवी घ्यावी की गाडीच नको?

नवी मुळीच घेऊ नये. उभ्या गाडीचाही घसारा होतच राहतो. सध्याची गाडी प्रश्न ५ आणि ७ च्या कसोटीला उतरत असेल तर तीच ठेवावी, आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी चालवावी आणि टायरचे वय पाहावे: बाजूवर कोरलेले ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायरवरील नक्षी शिल्लक दिसली तरी सहा-सात वर्षांनंतर रबर कडक होते.

१२. बदलायचे ठरले. कोरी घ्यावी की तीन-चार वर्षांची?

घसाऱ्याचा मोठा भाग पहिल्या काही वर्षांत होतो, म्हणून सर्व्हिसची नोंद असलेली तीन-चार वर्षांची गाडी पैशांच्या दृष्टीने सरस ठरते आणि प्रश्न ७ मधील साधनेही तिच्यात मिळतात. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आल्यामुळे कोऱ्या गाड्यांच्या किमती उतरल्या आहेत. त्यापूर्वीच्या भावाने जुनी गाडी कोणी सांगत असेल तर ती घेऊ नये. पावसाळ्यानंतर बाजारात येणाऱ्या गाड्या पाण्यात बुडालेल्या तर नाहीत, हे कार्पेट उचलून पाहावेच. विजेच्या गाडीचा विचार असल्यास आधी सोसायटीकडून आपल्या पार्किंगच्या जागी चार्जर बसवण्याची लेखी परवानगी मिळवावी आणि मगच बुकिंग करावे.

१३. गाडी विकली, पण घेणाऱ्याने नाव बदलले नाही. काही होते का?

फार मोठे काही होऊ शकते. आरसीवर ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विकलेल्या गाडीने अपघात केला तर भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. नमुना २९ आणि ३० वर सह्या करून, कर्ज फिटले असल्यास नमुना ३५ द्वारे बँकेची नोंद काढून, विक्रीची सूचना चौदा दिवसांत आरटीओला द्यावी. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नये. एजंटामार्फत व्यवहार झाला तरी नवी आरसी निघेपर्यंत पाठपुरावा आपणच करावा.

१४. भंगारात दिली तर काय मिळते?

नोंदणीकृत भंगार केंद्र गाडीचे भंगारमूल्य आणि ठेव प्रमाणपत्र देते. त्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते आणि राज्याच्या नियमांनुसार करात सवलत मिळते. खासगी गाडीसाठी केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा २५ टक्के आहे. गल्लीतील भंगारवाल्याला गाडी दिल्यास यातले काही मिळत नाही आणि गाडी कागदोपत्री तुमच्याच नावावर राहते.

१५. गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि ते आता नाहीत. ठेवायची की विकायची हे घरात ठरत नाही. तोवर चालवता येईल का?

मालकाच्या निधनाची माहिती तीस दिवसांत आरटीओला दिली आणि गाडी स्वतः वापरणार असल्याचे कळवले, तर वारस ती तीन महिने चालवू शकतो. त्या मुदतीत नमुना ३१ भरून नाव लावून घ्यावे लागते. विमा कंपनीलाही लगेच कळवावे, कारण मृत व्यक्तीच्या नावावरील पॉलिसीवर दावा करताना अडचणी येतात. विकायची झाली तरी आधी वारसाचे नाव आरसीवर यावे लागते, म्हणून घरातील निर्णय होण्याची वाट न पाहता हे काम सुरू करावे. इतर वारसांची संमती लेखी घ्यावी. आणि वडिलांची गाडी म्हणून ती ठेवावीशी वाटत असेल, सांगाडा ठणठणीत असेल आणि ती लांबच्या प्रवासाला जाणार नसेल, तर ठेवण्यास आमची काहीच हरकत नाही.